ताटामागचे निर्णय

दोन वेळचे अन्न ही माणसाच्या आयुष्यातील इतकी नित्याची गोष्ट आहे की, ताटात वाढलेल्या भाकरीपर्यंत धान्य कोणत्या वाटेने आले, त्या वाटेवर कोणाकोणाचे हात लागले, भाव कोणी ठरवला, तोलाई कोणी केली, कोणत्या कचेरीत कोणत्या हुकुमावर सही झाली म्हणून ते स्वस्त वा महाग झाले, हा विचार जेवताना सहसा कोणाच्या मनात येत नाही. आणि तो येत नाही म्हणूनच अन्नाविषयीचे बहुतेक मोठे निर्णय, ज्यांना ते भोगावे लागतात त्यांच्या नजरेआड घेतले जातात. शेतकऱ्याला पीक दिसते, व्यापाऱ्याला भाव दिसतो, गृहिणीला महागाई दिसते आणि सरकारी अंमलदाराला तक्ते दिसतात. परंतु या सर्वांना एकत्र बांधणारी व्यवस्था समग्रपणे क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडते. गेल्या सुमारे नव्वद वर्षांत निरनिराळ्या देशांतील काही चित्रपटकारांनी आणि दूरचित्रवाणीच्या निर्मात्यांनी ही व्यवस्था पडद्यावर आणण्याचा उद्योग चिकाटीने केला आहे. पाककृतींचे आणि खाद्ययात्रांचे कार्यक्रम आज उदंड झाले आहेत, त्यांचा विचार येथे कर्तव्य नाही. अन्न कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही आणि हे असे का, हा प्रश्न ज्यांनी विचारला त्या अनुबोधपटांचा आणि मालिकांचा हा परामर्श आहे. त्यांचा इतिहास पाहता एक गोष्ट मला निश्चित वाटते: भुकेचे दर्शन घडवून थांबणारा चित्रपट प्रेक्षकाला हळहळ देतो, परंतु जो भुकेमागचा निर्णय दाखवतो आणि त्या निर्णयापर्यंत जाण्याची वाटही दाखवतो, त्याच्या अंगी धोरण बदलण्याचे सामर्थ्य येते.

१९३६ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी अमेरिकेच्या संघसरकारच्या पुनर्वसन खात्याने पेअर लॉरेन्ट्झ नावाच्या चित्रपटसमीक्षकाकडून ‘द प्लाऊ दॅट ब्रोक द प्लेन्स’ हा अनुबोधपट करवून घेतला. पहिल्या महायुद्धात गव्हाला चढा भाव आला, त्या भावाच्या ओढीने त्या देशाच्या मध्यभागातील विस्तीर्ण गवताळ प्रदेश नांगराखाली गेला, आणि पुढे अवर्षण येताच गवताच्या मुळांचा आधार तुटलेली माती वाऱ्यावर उडून गेली, अशी ती हकीकत. धुळीच्या त्या लोटांना दैवी कोप मानून स्वस्थ बसता येऊ नये, अशा रीतीने त्यांच्यामागचा बाजारभाव आणि माणसाचा लोभ चित्रपटाने पुढे आणला. त्याच वर्षी इंग्लंडात एडगर ॲन्स्टी यांनी ‘इनफ टु ईट?’ हा छोटा अनुबोधपट केला. त्याचे निवेदन जीवशास्त्रज्ञ ज्यूलियन हक्स्ली यांचे होते आणि त्याला आधार होता जॉन बॉइड ऑर या आहारशास्त्रज्ञाच्या नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या अहवालाचा. बॉइड ऑर यांनी ब्रिटनमधील कुटुंबांची मिळकतीनुसार वर्गवारी करून कोणत्या घरात दूध, फळे, भाज्या, अंडी किती खाल्ली जातात हे मोजले होते, आणि देशाच्या जवळजवळ निम्म्या लोकसंख्येचा आहार आरोग्याच्या कसोटीस कोठे ना कोठे उणा पडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. गरीब माणूस निकस अन्न खातो ते त्याला चांगले कळत नाही म्हणून, हा सुखवस्तू समाजाचा सोयीचा समज या आकड्यांनी खोटा पाडला. मिळकत वाढत गेली तसा आहारही सुधारत गेला, हे त्या तक्त्यांत स्वच्छ दिसत होते.

पुढे महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४३ मध्ये, पॉल रोथा यांनी ‘वर्ल्ड ऑफ प्लेन्टी’ हा चित्रपट केला. युद्धापूर्वी जगाची अन्नव्यवस्था कशी होती, युद्धकाळातील शिधावाटपाने ती कशी बदलली आणि युद्ध संपल्यावर ती कशी असावी, असे त्याचे तीन भाग आहेत. आकडे ऐकून सामान्य प्रेक्षक कंटाळतो हे ओळखून त्यात माणसांच्या, पोत्यांच्या, जहाजांच्या लहान लहान आकृत्या पडद्यावर हलत्या ठेवून पुरवठ्याचे गणित समजावले आहे, आणि निवेदकाला मध्येच अडवून शंका विचारणारा सामान्य नागरिकाचा आवाजही योजला आहे. त्याच वर्षी अमेरिकेतील हॉट स्प्रिंग्ज येथे अन्न व शेती या विषयावर राष्ट्रांची परिषद भरली, तिच्यातून १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना जन्मास आली, आणि तिचे पहिले महासंचालक झाले तेच बॉइड ऑर.

परंतु हेच १९४३ साल भारतीय वाचकाच्या स्मरणात वेगळ्या कारणाने कोरलेले आहे. ज्या साम्राज्याच्या राजधानीत जगाच्या अन्नाची न्याय्य योजना पडद्यावर मांडली जात होती, त्याच साम्राज्याच्या अमलाखालील बंगालमध्ये माणसे रस्त्यावर अन्नान्न करीत मरत होती. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख धरला आणि पुढील अनेक अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या आसपास नेला. दुष्काळसंहिता दफ्तरात असूनही दुष्काळ रीतसर जाहीर झाला नाही, कारण तो जाहीर केला की मदतीची कायदेशीर जबाबदारी अंगावर येते. अशा वेळी कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ रोजी भुकेने कोसळलेल्या माणसांची छायाचित्रे प्रसिद्ध केली, आणि जी गोष्ट अहवालांच्या भाषेत महिनोन्‌महिने दडपता आली होती ती त्या एका दिवसानंतर दडपता येईना. ऑक्टोबरात नवे व्हाइसरॉय वेव्हेल कलकत्त्यास गेले आणि त्यांनी लष्कराला मदतकार्यास लावले. तोवर लक्षावधी जीव गेलेले होते; तरीही सरकारी मौनाचा भंग करण्याच्या कामी चित्राची शक्ती केवढी असते, याचा हा आपल्याच भूमीवरील पुरावा होय.

युद्धोत्तर काळात ही शक्ती घराघरांत पोहोचली ती दूरचित्रवाणीच्या रूपाने. १९६० च्या नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेतील कृतज्ञतेच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी, सीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेने पत्रकार एडवर्ड मरो यांचा ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ प्रक्षेपित केला. आदल्या दिवशी भरल्या ताटावर बसलेल्या कुटुंबांना, त्या ताटातल्या भाज्या आणि फळे खुडणारे हंगामी मजूर कसे राहतात, काय खातात आणि त्यांची मुले कोठे निजतात, हे दाखवण्यात आले. शेवटी मरो यांनी प्रेक्षकांना सांगितले ते असे की, या मजुरांपाशी कायदे बदलून घेण्याचे बळ नाही; ते कदाचित आपल्यापाशी असेल. त्यानंतर आठ वर्षांनी, २१ मे १९६८ रोजी, त्याच संस्थेने ‘हंगर इन अमेरिका’ दाखवला. त्यात एका शाळेतला गरीब मुलगा आहे. इतर मुले जेवत असताना तो नुसता उभा राहून पाहतो, आणि त्या वेळी काय वाटते असे विचारले असता, आपल्याला लाज वाटते असे सांगतो. सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न हा कार्यक्रम कुटुंबासमवेत पाहत होते. ते सिनेटच्या कृषिसमितीचे सभासद होते, आणि लाज त्या मुलाला नव्हे, आपल्याला वाटावयास हवी, असे त्यांना त्या क्षणी वाटल्याचे त्यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे. त्याच वर्षी सिनेटची पोषणविषयक विशेष समिती नेमली गेली, मॅकगव्हर्न तिचे अध्यक्ष झाले, आणि गरिबांना अन्नखरेदीसाठी दिल्या जाणाऱ्या सरकारी कुपनांची योजना पुढील दशकात क्रमाक्रमाने विस्तारत गेली.

तथापि याच कार्यक्रमात एक गंभीर उणीव निघाली. आरंभीच दाखवलेले, जवळजवळ प्राण सोडत असलेले बालक उपासमारीने मरत असल्याचे निवेदनात सांगितले गेले. प्रत्यक्षात ते अकाली जन्मल्यामुळे दगावले होते. टीकाकारांनी हा एक धागा धरून साऱ्या कार्यक्रमाच्या सत्यतेवरच आक्षेप घेतले, आणि त्याची सरकारी चौकशीही झाली. देशात भूक होती हे खरे, पण ती सिद्ध करण्यासाठी मांडलेला एक दाखला खोटा ठरला, आणि त्याचा भुर्दंड खऱ्या दाखल्यांना सोसावा लागला. २००४ मधल्या ‘सुपर साइज मी’ची कथाही याच जातीची. मॉर्गन स्परलॉक यांनी ३० दिवस तिन्ही वेळा मॅकडोनाल्ड्सचेच अन्न खाल्ले, त्यांचे वजन सुमारे ११ किलो वाढले आणि यकृत बिघडले. चित्रपट जगभर गाजला आणि शाळाशाळांतून दाखवला गेला. पुढे २०१७ मध्ये स्परलॉक यांनीच आपण दीर्घकाळ मद्यपान करीत आल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा त्या यकृताच्या बिघाडाचा दोष एकट्या त्या अन्नावर टाकता येईल काय, असा प्रश्न रास्तपणे उपस्थित झाला. अन्नव्यवस्थेवर बोट ठेवणाऱ्यांची गाठ बलाढ्य हितसंबंधांशी असते. म्हणूनच त्यांनी आपला पुरावा न्यायालयात मांडावयाच्या पुराव्याइतक्या कसोशीने पारखून घेतला पाहिजे.

एखादा कार्यक्रम प्रत्यक्ष सरकारी तरतुदीपर्यंत कसा पोहोचतो, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला ‘जेमीज स्कूल डिनर्स’ या ब्रिटिश मालिकेत दिसते. जेमी ऑलिव्हर हे तेथील लोकप्रिय आचारी. २००५ च्या आरंभी चॅनल फोरवर दाखवलेल्या या चार भागांच्या मालिकेत ते लंडनच्या ग्रिनिच भागातील किडब्रूक येथील शाळेच्या भटारखान्यात जाऊन मुलांचे दुपारचे जेवण सुधारण्याचा यत्न करतात. तेथे मुलांना तळलेले बटाटे, बर्गर आणि टर्कीच्या मांसाचे अवशेष वळवून बनवलेला ‘टर्की ट्विझलर’ नावाचा पदार्थ वाढला जात असे. या मालिकेत मुलांसमोर ताज्या भाज्या धरून त्यांची नावे विचारली जातात आणि मुलांना ती सांगता येत नाहीत. भाजीचे जेवण वाढले तर ती ते सरळ फेकून देतात. स्वयंपाकघरावर हुकमत असलेल्या नोरा सँड्स या मुख्य स्वयंपाकिणीला हा पाहुणा आरंभी नकोसा वाटतो. तिच्या हाताखालच्या बायकांना आहे त्याच पगारात जास्तीचे तास राबावे लागतात. इथवर ही एका आचाऱ्याच्या जिद्दीची रंजक कहाणीच राहिली असती. परंतु ऑलिव्हर जमाखर्चाचा कागद मागवतात, आणि एका मुलाच्या एका जेवणातील जिनसांसाठी अवघे ३७ पेन्स मिळतात, हा आकडा पडद्यावर येतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हे मग प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

हा आकडा आकाशातून पडलेला नव्हता. १९८० च्या शिक्षण कायद्याने शालेय जेवणाच्या पोषणमूल्याविषयीचे राष्ट्रीय निकष रद्द केले होते, आणि त्या दशकाच्या अखेरीस आलेल्या सक्तीच्या निविदापद्धतीमुळे जो ठेकेदार कमीत कमी दराने जेवण देईल त्याच्याकडे काम जाऊ लागले होते. म्हणजे मुलांच्या ताटातील तो तळलेला पदार्थ मुलांच्या जिभेने जितका निवडला होता, तितकाच पार्लमेंटच्या दप्तराने निवडला होता. मालिका चालू असताना सह्यांची मोहीम निघाली, २,७१,६७७ सह्यांचा अर्ज ३० मार्च २००५ रोजी पंतप्रधानांच्या निवासस्थानी देण्यात आला, आणि सार्वत्रिक निवडणूक तोंडावर असलेल्या सरकारने तीन वर्षांसाठी २८ कोटी पौंडांची तरतूद जाहीर करून प्राथमिक शाळांत दर जेवणाच्या जिनसांवर किमान ५० आणि माध्यमिक शाळांत ६० पेन्स खर्च व्हावेत असे ठरवले. पुढच्या वर्षी नवे निकष लागू झाले. मार्ग निष्कंटक नव्हता: आरंभी शालेय जेवण घेणाऱ्या मुलांची संख्या घटली, आणि २००६ मध्ये यॉर्कशायरमधील रॉदरहॅम येथे काही आया शाळेच्या कुंपणातून मुलांना बर्गर आणि तळलेले बटाटे पोहोचवू लागल्या. पण मिशेल बेलो आणि जोनाथन जेम्स या अर्थशास्त्रज्ञांनी ग्रिनिचमधील प्राथमिक शाळांची शेजारच्या भागांतील शाळांशी तुलना केली, तेव्हा नव्या जेवणानंतर इंग्रजी आणि विज्ञान या विषयांतील मुलांची प्रगती सुधारल्याचे आणि आजारपणासारख्या कारणांची गैरहजेरी घटल्याचे त्यांना आढळले.

आपल्या देशात दूरचित्रवाणी आणि शेती यांची गाठ आरंभापासूनच पडली. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांत सामायिक संच ठेवून ‘कृषी दर्शन’ सुरू झाले. मुंबईचे केंद्र १९७२ मध्ये सुरू झाल्यानंतर ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमाने महाराष्ट्रातील घराघरांत स्थान मिळवले. बियाणे कोणते घ्यावे, खताची मात्रा किती द्यावी, कीड कशी ओळखावी, दुभत्या जनावराची निगा कशी राखावी, हे ज्ञान कृषिविद्यापीठातून बांधापर्यंत नेण्याचे जे काम या कार्यक्रमांनी केले त्याचे मोल मोठे आहे, आणि शहरातील माणसालाही शेतकऱ्याचा चेहरा व त्याची बोली त्यांच्यामुळे परिचित झाली. परंतु सरकारी माध्यमाची एक मर्यादा त्यांना स्वभावतःच होती. शेतकऱ्याने काय बदलावे हे ते तपशीलवार सांगत. सरकारने भावात, कर्जात वा आयातनिर्यातीच्या नियमांत काय बदलावे, हे विचारण्याची मुभा त्यांना क्वचितच होती.

तो प्रश्न विचारण्याची एक अपूर्व तऱ्हा १९७६ मध्ये ‘मंथन’ने दाखवून दिली. श्याम बेनेगल यांचा हा चित्रपट कथापट आहे, अनुबोधपट नव्हे. तथापि अन्नव्यवस्थेवरील भारतीय चित्रपटांचा विचार त्याला वगळून करता येत नाही. गुजरातमधील ५ लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये देऊन त्याचे भांडवल उभे केले. कथा बेनेगल आणि दुग्धसहकाराचे अध्वर्यू वर्गीस कुरियन यांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि बिंदूच्या भूमिकेत स्मिता पाटील, म्हणून मराठी रसिकाला तो आपलाही वाटतो. गावात आलेला पशुवैद्य दुधाचे नमुने घेतो, त्यांतील स्निग्धांश मोजतो, आणि खाजगी डेअरीचा मालक देत असलेला भाव किती अपुरा आहे ते त्या साध्या मोजमापाने उघडे पडते. पुढे सहकारी सोसायटीची निवडणूक येते आणि दुधाच्या भावाचा प्रश्न पाहता पाहता जातीच्या आणि सत्तेच्या प्रश्नापर्यंत जाऊन भिडतो. सरपंचाविरुद्ध दलित वस्तीतला उमेदवार निवडून येतो. अन्नाचे अर्थकारण गावाच्या समाजरचनेपासून वेगळे काढता येत नाही, हे सत्य भाषणाविना इतक्या प्रत्ययकारी रीतीने क्वचितच कोणी मांडले असेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या चित्रपटाच्या प्रती पुढे खेडोपाडी नेण्यात आल्या, आणि त्यांच्यासोबत पशुवैद्य, दुग्धतंत्रज्ञ आणि चाऱ्याचे जाणकार पाठवण्यात आले. खेळ संपल्यावर सोसायटी कशी काढावी हे विचारण्याची आणि सांगण्याची सोय तेथल्या तेथे होती.

महाराष्ट्राच्या काळजाला हात घालणारा अनुबोधपट म्हणजे दीपा भाटिया यांचा २००९ मधला ‘नीरोज गेस्ट्स’. पत्रकार पी. साईनाथ यांच्यामागोमाग कॅमेरा विदर्भातील कापूस पिकवणाऱ्या कुटुंबांत जातो. घरधन्याने आत्महत्या केलेली असते. भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो, पुढ्यात कर्जाचे कागद, आणि एकाएकी साऱ्या व्यवहाराचा भार अंगावर आलेली बाई. वऱ्हाडी बोलीत कविता करणाऱ्या एका शेतकऱ्याच्या घरी त्याचे कुटुंबीय त्याच्या माघारी त्याच्याच कविता वाचून दाखवतात, तेव्हा ऐकणाऱ्याचे मन भरून येते. पण साईनाथ प्रेक्षकाला त्या भरल्या मनावर सोडून देत नाहीत. मुंबईत सुती वस्त्रांच्या एका झगमगत्या फॅशन सप्ताहाचे वार्तांकन करायला ५१२ अधिकृत पत्रकार जमले असताना, तो कापूस पिकवणाऱ्या विदर्भात आत्महत्यांचे वार्तांकन करायला बाहेरून आलेले पत्रकार अवघे सहा होते, हा हिशेब ते मांडतात. रोमन इतिहासकार टॅसिटस याने सांगितलेली सम्राट नीरोच्या मेजवानीची हकीकतही ते सांगतात: बागेत उजेड पडावा म्हणून कैद्यांना जिवंत जाळले जात असताना निमंत्रित पाहुणे खातपीत राहिले. साईनाथ यांचा प्रश्न नीरोविषयी नाही, त्या पाहुण्यांविषयी आहे, आणि तो सुखवस्तू भारतीयाला उद्देशून आहे.

या चित्रपटाचे मर्म पुरतेपणी कळावयाचे तर त्यामागील धोरणांची हकीकत ठाऊक हवी. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. तिच्यात दोष होते, चुकारे वेळेवर मिळत नसत, तरीही भावाला एक तळ होता. या शतकाच्या आरंभी ती मोडकळीस आली, आणि २००५ मध्ये क्विंटलमागे ५०० रुपयांचा आगाऊ बोनसही बंद झाला. अमेरिका आपल्या कापूसउत्पादकांना भरघोस अनुदाने देत होती, त्यामुळे जगाच्या बाजारातला भाव दबलेला होता, आणि त्याच भावाशी कोरडवाहू वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला झुंजावे लागत होते. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. २००८ च्या अर्थसंकल्पात देशव्यापी कर्जमाफी आली, पण पूर्ण माफीसाठी दोन हेक्टरांची मर्यादा घातली गेली. बागायती मुलखात दोन हेक्टरांचा धनी सुस्थितीत असू शकतो. पावसाच्या भरवशावरल्या मुलखात तीन-चार हेक्टर असूनही माणूस कर्जात बुडतो, आणि त्याचे बरेचसे कर्ज सावकाराचे असल्याने ते बँकेच्या माफीत मुळी बसतच नाही. ‘दोन हेक्टर’ या शब्दांमागे किती घरांचे भवितव्य दडलेले होते, ते कॅमेरा त्या घरांत गेल्यावाचून शहरातील वाचकाला उमगत नाही. आणि घरात जाऊन आलेल्या प्रेक्षकाने शासननिर्णयाची ती ओळ वाचल्यावाचून त्याची करुणा नेमकी कोणाला जाब विचारील, हे ठरत नाही.

शैली अनेक असू शकतात. ऑस्ट्रियाच्या निकोलाउस गाइरहाल्टर यांचा २००५ मधला ‘अवर डेली ब्रेड’ एक शब्दही निवेदन न करता यांत्रिक शेतीची आणि कत्तलखान्यांची दृश्ये एकामागून एक मांडतो आणि निष्कर्ष सर्वस्वी प्रेक्षकावर सोपवतो. रॉबर्ट केनर यांचा २००८ मधला ‘फूड, इन्क.’ याच्या अगदी उलट, मुद्दा मुद्द्याला जोडत जातो: अमेरिकेतील मांसाचा व्यापार मूठभर कंपन्यांच्या हाती कसा एकवटला, सरकारी अनुदानामुळे मका इतका स्वस्त कसा झाला की गरीब कुटुंबाला भाजीपेक्षा बर्गर परवडू लागला, आणि करारावर कोंबड्या वाढवणारा शेतकरी कर्जापायी कंपनीचा बांधील कसा होतो. बड्या कंपन्यांनी या चित्रपटात मुलाखती देण्याचे नाकारले, आणि ज्या शेतकरी बाईने आपल्या कोंबड्यांच्या खुराड्यात कॅमेरा येऊ दिला तिचा करार संपुष्टात आला. अलीकडे घरबसल्या पाहता येणाऱ्या ‘रॉटन’सारख्या मालिका मधातली भेसळ, लसणाचा व्यापार, दुधाचे अर्थकारण असे एकेक जिन्नस घेऊन जगभरची साखळी उलगडून दाखवतात. २४ जून २०१२ रोजी ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी मालिकेने कीटकनाशकांच्या प्रश्नाला एक पूर्ण भाग दिला आणि हा विषय रविवारी सकाळी सहकुटुंब पाहण्याचा झाला. यांपैकी काहीही पाहताना सुजाण प्रेक्षकाने चित्रपटाचा खर्च कोणी सोसला याची चौकशी करावी. ‘इनफ टु ईट?’चा खर्चसुद्धा लंडनच्या एका गॅस कंपनीने उचलला होता, आणि तरीही तो प्रामाणिक ठरला, कारण त्याचे आकडे स्वतंत्र संशोधकाचे होते. दुसऱ्या बाजूस बोलू दिले आहे काय, हेही प्रेक्षकाने पाहावे. आणि मुख्य म्हणजे, दोष एखाद्या दुष्ट माणसावर टाकून चित्रपट मोकळा होतो, की ज्या नियमामुळे तसा माणूस फोफावतो त्या नियमापर्यंत जातो, हे तपासावे.

आता आपल्या घरचा विचार करू. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा हुकूम दिला, आणि आज महाराष्ट्रातील लक्षावधी मुले शाळेत खिचडी खातात. २०२२ मध्ये केंद्राने प्राथमिक वर्गातील एका मुलाच्या एका जेवणासाठी, तांदूळ वगळून, डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन मिळून ५ रुपये ४५ पैसे हा दर ठरवला. पुढे तो थोडाथोडा वाढला. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे देण्यास आरंभ केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा आपला वेगळा निधी थांबवला. ब्रिटनमधील ३७ पेन्सांवर जशी मालिका झाली, तशी या ५ रुपये ४५ पैशांवर मराठीत व्हावयास हवी. तिची नायिका चुलीपाशी तुटपुंज्या मानधनावर राबणारी खिचडी शिजवणारी बाई असेल, आणि तिचा शेवटचा प्रवेश वित्तखात्यात घडेल. लासलगावच्या बाजारसमितीत सकाळी पुकारलेल्या कांद्याच्या भावावर दिल्लीतील निर्यातबंदीच्या एका अधिसूचनेचा परिणाम दुपारपर्यंत कसा होतो, हाही एका उत्तम अनुबोधपटाचा विषय आहे. अन्नसुरक्षा कायद्याने दरमहा माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला असता, यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून रेशन दुकानातून रिकाम्या पिशवीने परतणाऱ्या म्हाताऱ्याच्या हक्काचे पुढे काय होते, हा आणखी एक.

असे चित्रपट निघाले तरी ते एकेकट्याने भ्रमणध्वनीवर पाहून विसरले जाणार असतील, तर त्यांचे अर्धे बळ वायाच जाईल. २०१३ च्या त्याच अन्नसुरक्षा कायद्यात सामाजिक अंकेक्षणाची आणि दक्षता समित्यांची तरतूद आहे; प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आहे आणि प्रत्येक गावाला ग्रामसभा आहे. ‘मंथन’च्या प्रतींबरोबर जसे जाणकार गावोगाव गेले, तसा प्रत्येक चित्रपट या सभांतून दाखवला जावा, आणि खेळ संपताच त्या गावाचा दर, त्या दुकानाचा साठा आणि त्या शाळेचा जमाखर्च मोठ्याने वाचला जावा. कागद वाचून दाखवणे हे सभेच्या अध्यक्षांचे कर्तव्य आहे, आणि तो ऐकून प्रश्न विचारणे हा जेवणाऱ्या प्रत्येक माणसाचा अधिकार आहे.